ब्राझीलचा झिको : रिओपासून मडगांवपर्यंत

यवतमाळ जिल्ह्यांतील कोणत्याहि गांवीं संध्याकाळच्या वेळीं शाळेच्या पटांगणाकडे पाहिलें तर मुलांचा खेळ रंगलेला दिसतो. कोठें कबड्डी, कोठें खो-खो, कोठें क्रिकेट, तर कोठें फुटबॉल. खेळ कोणताहि असो, गडी वांटून घेण्याची वेळ आली कीं एक गोष्ट हटकून घडते. दोन नायक समोरासमोर उभे राहतात, धिप्पाड मुलें प्रथम उचललीं जातात, आणि अंगानें किरकोळ असलेला मुलगा अगदीं शेवटीं उरतो. त्याच्या पायांत काय कसब आहे हें कोणी विचारीत नाहीं. त्याच्या दंडाकडे व पिंढऱ्यांकडे पाहूनच निकाल दिला जातो. हा निकाल नेहमींच बरोबर असतो काय? आणि तो चुकीचा ठरवावयाचा तर त्या मुलाला व त्याच्या शिक्षकांना काय करावें लागतें? ह्या प्रश्नांचें एक उत्तर सातासमुद्रांपलीकडील ब्राझील देशांतील एका चरित्रांत सांपडतें. तें चरित्र आर्थर आंतुनेस कोइंब्रा ह्या गृहस्थांचें होय. जग त्यांना ‘झिको’ ह्या दोनअक्षरी नांवानें ओळखतें.

हें चरित्र मराठी माणसाला वाटतें तितकें परकें नाहीं. ब्राझीलच्या संघांतून तीन विश्वचषक स्पर्धा खेळलेला, इटलींतील उदीने शहरांत दोन वर्षें गाजलेला हा मधल्या फळींतील खेळाडू पुढें शिक्षक झाला, आणि २०१४ ते २०१६ हे तीन हंगाम त्यानें गोव्याच्या संघाला शिकविण्यांत घालविले. ब्राझील आणि गोवा ह्यांचा संबंध तर त्याहूनहि जुना आहे. १५०० सालीं पेद्रो आल्वारेस काब्राल हा पोर्तुगीज दर्यावर्दी हिंदुस्थानाकडे येण्यास निघाला असतां वाटेंत ब्राझीलच्या किनाऱ्याला लागला, आणि तेथून तसाच पुढें त्याच वर्षीं कालिकतला पोंचला. कोंकणांत व गोव्यांत आज ज्याच्या बागा दिसतात तो काजूहि पोर्तुगीजांनीं ब्राझीलमधूनच इकडे आणला; त्याचें नांवसुद्धां तिकडचेंच आहे. झाडें व शब्द ज्या वाटेनें आले, त्याच वाटेनें पुढें फुटबॉलचे शिक्षकहि आले, इतकेंच.

झिकोचा जन्म ३ मार्च १९५३ रोजीं रिओ दि जानेरो शहराच्या किंतिनो नांवाच्या उपनगरांत झाला. वडील पोर्तुगालहून येऊन स्थायिक झालेले. घरांत भावंडें पुष्कळ. आर्थर हा शेंडेफळ. धाकट्या मुलाचें नांव लाडानें लहान करण्याची चाल जशी आपल्याकडे आहे तशी तिकडेहि आहे. आर्थरचें आर्थरझिन्यो झालें, त्याचें आर्थरझिको झालें, आणि झिजतां झिजतां शेवटीं ‘झिको’ एवढेंच उरलें. थोरले भाऊ आंतुनेस आणि एदु हे दोघेहि नांवाजलेले फुटबॉलपटु होते. त्यामुळें घरांत चेंडूला तोटा नव्हता, आणि चांगला खेळ कशाला म्हणतात हें त्या मुलाला घरच्या घरींच पाहावयास मिळालें.

त्याचा मार्ग मोकळा केला तो एका नभोवाणीवाल्यानें. १९६७ सालीं, वयाच्या चवदाव्या वर्षीं, भावांच्या अमेरिका ह्या संघांत त्याची परीक्षा व्हावयाची होती. परंतु त्याच सुमारास सेल्सो गार्सिया ह्या रिओच्या नभोवाणीवरील क्रीडासमालोचकानें त्याला एका लहान सामन्यांत गोलांची रास घालतांना पाहिलें, आणि वडिलांकडे जाऊन, ह्या मुलाला फ्लामेंगो संघांत नेऊं द्या, अशी गळ घातली. वडील स्वतः फ्लामेंगोचे कट्टर अभिमानी. त्यांनीं होकार दिला. फ्लामेंगो म्हणजे रिओमधील सामान्य जनतेचा सर्वांत आवडता संघ. तेथील शिक्षकांनीं मुलाचे पाय पाहिले आणि ते खूष झाले. मग त्यांनीं त्याचें अंग पाहिलें आणि ते काळजींत पडले. मुलगा इतका हडकुळा होता कीं दांडग्या प्रतिपक्ष्याचा एक धक्का लागतांच तो बाजूला फेंकला जाई.

ह्या ठिकाणीं पुष्कळ मुलांची कथा संपते. झिकोची संपली नाहीं, ह्याचें श्रेय त्याच्याइतकेंच त्या संघाच्या व्यवस्थेलाहि दिलें पाहिजे. फ्रांकालाच्ची नांवाच्या व्यायामशिक्षकाच्या हातीं त्याला सोंपविण्यांत आलें. कित्येक वर्षें चाललेला कार्यक्रम आंखण्यांत आला : आहार कोणता, विश्रांति किती, वजनें कोणतीं उचलावयाचीं, पायांचे स्नायु कसे भरावयाचे, ह्या सर्वांची बारकाईनें मांडणी झाली. उपनगरांतून रोज लांबचा प्रवास, शाळा, चेंडूचा सराव आणि नंतर व्यायामशाळा, असा त्या मुलाचा दिवस असे. ह्या मेहनतीनें झिको मल्ल झाला नाहीं. तें उद्दिष्टहि नव्हतें. परंतु धक्का खाऊन उभें राहण्याइतकें बळ त्याच्या अंगांत आलें, आणि पायांतील कसब वांयां गेलें नाहीं. १९७१ सालीं तो फ्लामेंगोच्या मुख्य संघांतून खेळूं लागला. तरीहि पुढच्याच वर्षीं म्युनिकच्या ऑलिंपिकसाठीं निवडलेल्या ब्राझीलच्या संघांतून त्याला वगळण्यांत आलें. पात्रता-सामन्यांत गोल करूनहि ही अवहेलना वांट्याला आल्यानें खेळच सोडून द्यावा असें त्याच्या मनानें घेतलें होतें. घरच्यांनीं समजूत घातली म्हणून तो टिकला.

आतां झिको यांचें मैदानावरील काम नेमकें कोणतें होतें हें समजून घेणें जरूर आहे. फुटबॉलच्या संघांत अकरा गडी असतात. एक गोल राखतो, कांहीं जण बचाव करतात, कांहीं चढाई करतात, आणि ह्या दोहोंच्या मध्यें जी फळी असते तिच्याकडे चढाई व बचाव ह्यांची सांगड घालण्याचें काम असतें. शेताला विहिरीचें पाणी देतांना एक माणूस पाटावर उभा असतो. पाणी तो उत्पन्न करीत नाहीं आणि पीकहि तो होत नाहीं. परंतु कोणती सरी कोरडी आहे, कोठें बांध फोडावयाचा आणि कोठें बुजवावयाचा, हें त्याला कळावें लागतें. त्याची नजर चुकली तर एका सरींत चिखल होतो व दुसरी वाळून जाते. मधल्या फळींतील खेळाडूचें काम असेंच आहे. पाठीमागून आलेला चेंडू कोणत्या बाजूला वळवावा, कोणता सोबती एक क्षणानंतर मोकळा होणार आहे, प्रतिपक्षाची कोणती जागा उघडी पडली आहे, हें त्याला चेंडू पायाशीं येण्यापूर्वींच दिसलें पाहिजे. धांवण्याच्या वेगापेक्षां येथें नजरेचा वेग मोलाचा ठरतो, आणि म्हणूनच किरकोळ अंगाच्या पण तल्लख बुद्धीच्या मुलाला ह्या जागेइतकी चांगली जागा दुसरी नाहीं.

ब्राझीलमध्यें ह्या फळींतील चढाईच्या बाजूचा जो मुख्य खेळाडू असतो त्याला दहा क्रमांकाचा अंगरखा देण्याची परंपरा आहे. पेले यांनीं तो अंगरखा घालून सबंध जगांत कीर्ति मिळविली. त्यांच्यामागून झिको यांनीं तोच क्रमांक मिरविला, आणि लोक त्यांना ‘गोरा पेले’ म्हणूं लागले. झिको यांचा विशेष हा कीं, ते सोबत्यांना चेंडू पुरवीत आणि स्वतः गोलहि करीत. फ्लामेंगोसाठीं त्यांनीं ५०० हून अधिक गोल केले. रिओच्या प्रचंड माराकाना मैदानावर त्यांच्या नांवावर ३३३ गोल आहेत. ब्राझीलच्या राष्ट्रीय संघांतर्फे ७१ सामन्यांत त्यांचे ४८ गोल झाले. मधल्या फळींतील खेळाडूच्या मानानें हे आंकडे असामान्य आहेत.

ह्या गोलांपैकीं पुष्कळ गोल त्यांनीं फ्री किक मारून केले. तेव्हां त्या कलेचेंहि थोडें विवेचन करणें योग्य होईल. प्रतिपक्षानें नियमभंग केला म्हणजे चेंडू एका जागीं ठेवून मोकळेपणीं मारण्याचा हक्क मिळतो, आणि प्रतिपक्ष्यांना ९.१५ मीटर दूर उभें राहावें लागतें. ते खांद्याला खांदा लावून माणसांची एक भिंत रचतात. भिंतीपलीकडे ७.३२ मीटर रुंद व २.४४ मीटर उंच असा गोल, आणि त्यांत डोळ्यांत तेल घालून उभा असलेला गोलरक्षक. सरळ मारलेला चेंडू भिंतीला लागतो. भिंतीवरून मारावा तर तो गोलावरूनहि निघून जातो. ह्यांतून वाट काढावयाची ती चेंडूला फिरकी देऊन. पायाच्या आंतल्या बाजूनें चेंडूच्या मध्याला सोडून किंचित् बाजूला आघात केला म्हणजे चेंडू पुढें जातांना स्वतःभोंवतीं फिरूं लागतो. फिरत्या चेंडूबरोबर त्याला लागून असलेली हवाहि ओढली जाते. एका बाजूला तिचा वेग वाढतो व दाब कमी होतो, दुसऱ्या बाजूला वेग घटतो व दाब वाढतो. अधिक दाबाची बाजू कमी दाबाच्या बाजूकडे चेंडूला ढकलते, आणि चेंडू हवेंतच वळण घेतो. क्रिकेटमध्यें फिरकीचा चेंडू हवेंत वळतो तो ह्याच नियमानें. फिरकी वरून खालीं असेल तर चेंडू भिंत ओलांडून एकदम खालीं उतरतो. नियम सोपा आहे. परंतु सुमारें ४३० ग्रॅम वजनाच्या त्या चेंडूला नेमक्या कोणत्या बिंदूवर, किती जोरानें स्पर्श करावयाचा, हें केवळ अभ्यासानेंच येतें. झिको नित्याचा सराव संपून सोबती घरीं गेले तरी मैदानावर थांबत. गोलाच्या वरच्या कोपऱ्यांत अंगरखे टांगून ठेवावयाचे आणि ते चेंडूनें पाडावयाचे, हा त्यांचा क्रम असे. ज्याला लोक दैवी देणगी म्हणत, तिच्यामागें असे हजारों एकाकी फटके होते.

१९८१ हें वर्ष त्यांच्या आयुष्यांतील सुवर्णवर्ष म्हटलें पाहिजे. दक्षिण अमेरिकेंतील संघांची लिबर्तादोरेस ही अजिंक्यपद स्पर्धा त्या वर्षीं फ्लामेंगोनें जिंकली. अंतिम फेरींत चिलीच्या कोब्रेलोआ संघाशीं तीन सामने झाले, आणि त्यांत फ्लामेंगोचे जे चार गोल झाले ते चारहि झिको यांचे होते. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत टोकियो येथें युरोपचा अजिंक्य संघ लिव्हरपूल ह्याला फ्लामेंगोनें ३-० असें हरविलें. त्या सामन्यांत झिको यांच्या नांवावर एकहि गोल नाहीं; परंतु चढायांचीं सूत्रें त्यांच्याच हातीं होतीं. पाटावरच्या माणसाचें काम हेंच.

पुढच्या वर्षीं स्पेनमध्यें विश्वचषक स्पर्धा झाली. तेले सांताना ह्या शिक्षकाच्या हाताखालीं झिको, सोक्रातेस, फाल्कांव व सेरेझो अशी चौघांची मधली फळी ब्राझीलनें उभी केली. ह्या चौघांचा खेळ ज्यांनीं पाहिला ते आजहि त्याची आठवण काढतात. झिको यांनीं त्या स्पर्धेंत चार गोल केले. परंतु ५ जुलै १९८२ रोजीं बार्सेलोना येथें इटलीशीं गांठ पडली. केवळ बरोबरी साधली तरी ब्राझील उपांत्य फेरींत जाणार होता. दोनदां मागें पडून दोनदां ब्राझीलनें बरोबरी साधली. मात्र इटलीच्या पावलो रोस्सीनें तिसरा गोल केला आणि ब्राझील ३-२ असा हरला. बरोबरीनें भागत असतांहि विजयासाठींच खेळत राहणें हें शहाणपण कीं अविचार, ह्यावर तेव्हां सुरू झालेला वाद अद्याप मिटलेला नाहीं.

ज्या इटलीनें हें दुःख दिलें त्याच इटलीला झिको एका वर्षानें गेले. १९८३ सालीं उदीनेसे संघानें त्यांना करारबद्ध केलें. उदीने हें इटलीच्या ईशान्य कोपऱ्यांतील फ्रिउली प्रांताचें एक मध्यम शहर. मिलान, तुरिन, रोम ह्यांच्या मानानें त्याला कोण विचारतो? त्यांतच १९७६ सालीं ह्या प्रांताला भूकंपाचा भयंकर धक्का बसून सुमारें एक हजार माणसें दगावलीं होतीं. अशा गांवानें जगांतील अग्रगण्य खेळाडु सुमारें ४० लाख डॉलर मोजून आणावा, हें इटलीच्या फुटबॉल संघटनेला रुचलें नाहीं; आर्थिक व्यवहाराचें कारण दाखवून तिनें करार अडवून ठेवला. तेव्हां उदीनेचे लोक रस्त्यावर उतरले. हा प्रांत १८६६ पर्यंत ऑस्ट्रियाच्या अमलाखालीं होता. त्याची आठवण देऊन लोकांनीं फलक उभारले : झिको, नाहीं तर ऑस्ट्रिया! झिको मिळणार नसेल तर आमचा प्रांत पुन्हां ऑस्ट्रियाला जोडा, असा त्याचा अर्थ. ही थट्टा होती. परंतु राजधानीपासून दूर असलेल्या व नेहमीं उपेक्षा सोसणाऱ्या प्रांताचा सलहि तींत होता. विदर्भांतील वाचकाला तो समजावून सांगण्याची गरज नाहीं. अखेर देशाच्या ऑलिंपिक मंडळानें बंदी उठविली आणि झिको उदीनेला आले.

पहिल्याच सामन्यांत उदीनेसेनें जेनोआला त्यांच्या मैदानावर ५-० असें नमविलें. त्यांतले दोन गोल झिको यांचे. इटलींतील बचाव त्या काळीं जगांत सर्वांत कडक समजला जाई. गडी सावलीसारखा पाठीस लागे आणि गोल होणें दुर्मिळ असे. अशा ठिकाणीं झिको यांनीं पहिल्या हंगामांत २४ सामन्यांत १९ गोल केले. युव्हेंटसच्या प्लातिनीचे २० झाले, पण ते अधिक सामन्यांत. झिको फ्री किक घेण्यास उभे राहिले कीं प्रेक्षक गोल झाल्यासारखेच उठून उभे राहत, आणि प्रतिपक्षाचे गोलरक्षक त्यांच्या लाथेचा अभ्यास करून येत. दुसऱ्या हंगामांत मात्र दुखापतींनीं त्यांना गांठलें, गोल तीनच झाले, आणि १९८५ सालीं ते मायदेशीं परतले. दोन वर्षांत उदीनेला एकहि चषक मिळाला नाहीं. तरी त्या शहरांत त्यांचें नांव अजून प्रेमानें घेतलें जातें. ज्या गांवाकडे कोणी पाहत नव्हतें त्याच्याकडे सर्व इटलीला पाहावें लागलें, हें त्या लोकांना चषकाहून कमी वाटलें नाहीं.

मायदेशीं परततांच दैव उलटलें. १९८५ च्या ऑगस्टमध्यें एका सामन्यांत प्रतिपक्षाच्या गड्यानें केलेल्या निर्दय आघातानें त्यांचा गुडघा निकामी झाला. शस्त्रक्रिया झाल्या, महिनेच्या महिने व्यायामांत गेले. वयाच्या चवदाव्या वर्षीं ज्या व्यायामानें त्यांना उभें केलें, त्याचाच आश्रय बत्तिसाव्या वर्षीं पुन्हां घ्यावा लागला. अर्धवट बऱ्या झालेल्या पायानेंच ते १९८६ च्या मेक्सिकोंतील विश्वचषकाला गेले. २१ जून रोजीं ग्वादालाहारा येथें फ्रान्सशीं उपांत्यपूर्व सामना होता. गुण १-१ असे बरोबर असतांना झिको राखीव गडी म्हणून मैदानांत आले, आणि कांहीं क्षणांतच त्यांनीं दिलेल्या अप्रतिम चेंडूवर धांवणाऱ्या ब्रांकोला फ्रेंच गोलरक्षकानें पाडलें. ब्राझीलला पेनल्टी मिळाली. ती मारण्यास झिको पुढें झाले. अंगांत अजून सामन्याची ऊब आलेली नव्हती. फटका गेला आणि गोलरक्षक बात्स यानें तो अडविला. पुढें निकाल पेनल्टीच्या फेरीवर गेला. तींत झिको यांनीं न डगमगतां गोल केला; सोक्रातेस आणि जुलिओ सेझार ह्यांचे फटके मात्र वांयां गेले व ब्राझील हरला. लोकांच्या लक्षांत राहिली ती झिको यांची चुकलेली पेनल्टी. ती मिळवून देणारा चेंडू त्यांचाच होता, आणि चूक झाल्यावर तासाभराच्या आंत तेंच काम पुन्हां करण्यास ते उभे राहिले होते, हें फारसें कोणी सांगत नाहीं. विश्वचषक त्यांना कधींच मिळाला नाहीं.

१९८९ सालीं फ्लामेंगोचा निरोप घेतल्यावर त्यांचें नांव इतिहासांत जमा झालें असें जगाला वाटलें. परंतु १९९१ सालीं, वयाच्या अडतिसाव्या वर्षीं, ते जपानमधील काशिमा ह्या पोलादाच्या कारखान्यांच्या गांवीं गेले. तेथील कारखान्याचा संघ दुय्यम श्रेणींत खेळत असे. जपानमध्यें व्यावसायिक फुटबॉलची पहिली स्पर्धा १९९३ सालीं सुरू व्हावयाची होती. झिको यांनीं खेळतां खेळतां शिकविलें : चेंडू कसा थांबवावा, वेळेवर कसें यावें, आपल्या जोड्यांची निगा कशी राखावी, हरल्यावर सबब कां सांगूं नये. १६ मे १९९३ रोजीं काशिमाच्या पहिल्या सामन्यांत चाळीस वर्षांच्या ह्या खेळाडूनें तीन गोल केले आणि नागोयाच्या संघावर ५-० असा विजय मिळाला. पुढें काशिमा हा जपानमधील अत्यंत यशस्वी संघांपैकीं एक झाला. निष्ठा, सचोटी व आदर हीं झिको यांचीं तीन सूत्रें तो संघ अद्याप आपलीं मानतो, आणि गांवांत त्यांचा पुतळा उभा आहे. २००२ ते २००६ ते जपानच्या राष्ट्रीय संघाचे शिक्षक होते. २००४ सालीं जपाननें आशियाचें अजिंक्यपद मिळविलें. २००६ च्या विश्वचषकांत मात्र ऑस्ट्रेलियाविरुद्ध पुढें असतां शेवटच्या आठ-नऊ मिनिटांत तीन गोल खाऊन तो हरला. त्यानंतर तुर्कस्तानांतील फेनेरबाहचे संघाला त्यांनीं देशाचें विजेतेपद मिळवून दिलें आणि २००८ सालीं युरोपच्या अजिंक्यपद स्पर्धेंत उपांत्यपूर्व फेरीपर्यंत नेलें.

असा हा अनुभवी गुरु २०१४ सालीं गोव्याला आला. इंडियन सुपर लीग ही नवी स्पर्धा त्या वर्षीं आठ संघांनिशीं सुरू झाली. गोव्यांत फुटबॉल नवा नव्हता. फादर विल्यम लायन्स ह्या धर्मोपदेशकानें १८८३ सालीं शिवोलीं येथें तो प्रथम आणला असें मानतात, आणि भातकापणीनंतर मोकळ्या झालेल्या शेतांत गांवोगांवचीं मुलें तो पिढ्यान् पिढ्या खेळत आलीं आहेत. पोर्तुगीज अंमल १९६१ सालीं संपला, तरी जुन्या पिढींतील कित्येकांना ती भाषा येते. त्यामुळें झिको यांना तेथें परकें वाटण्याचें कारण नव्हतें. त्यांच्या हाताखालीं परदेशी खेळाडूंबरोबर गोव्याचीं मुलेंहि होतीं : म्हापशाचा मंदार राव देसाई, आसोळण्याचा रोमिओ फर्नांडिस, गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमणी. रोमिओ २०१५ सालीं ब्राझीलच्या आत्लेतिको पारानाएन्से संघांत खेळण्यास गेला. ज्या देशाहून शिक्षक आला त्या देशांत शिष्य खेळूं लागला.

पहिल्या वर्षीं गोवा उपांत्य फेरींत कोलकात्याकडून पेनल्टीच्या फेरींत हरला. दुसऱ्या वर्षीं, २०१५ सालीं, संघ साखळी सामन्यांत अग्रभागीं राहिला. मुंबईच्या संघावर तर त्यानें ७-० असा विजय मिळविला. २० डिसेंबर रोजीं मडगांवच्या फातोर्डा मैदानावर अंतिम सामना झाला. प्रतिपक्षीं चेन्नईचा संघ होता आणि त्याचा शिक्षक होता मार्को मातेराझ्झी, एक इटालियन. सत्त्याऐंशीव्या मिनिटाला जोफ्रे ह्या खेळाडूनें फ्री किकवर गोल केला आणि गोवा २-१ असा पुढें गेला. झिको यांच्या संघाला फ्री किकनेंच विजय मिळावा, ह्याहून समर्पक तें काय? मैदान आनंदानें दुमदुमलें. उरलीं होतीं तीन मिनिटें. नव्वदाव्या मिनिटाला गोलापुढील झटापटींत गोलरक्षक कट्टीमणीकडून चेंडू स्वतःच्याच गोलांत गेला. आणि लगेच पुढच्या क्षणांत मेंदोझानें चेन्नईसाठीं तिसरा गोल केला. गोवा ३-२ असा हरला. १९८२ सालीं बार्सेलोनाला जो आंकडा होता तोच आंकडा तेहतीस वर्षांनीं मडगांवला लागला. तिसऱ्या वर्षीं संघ सर्वांत तळाशीं राहिला, आणि २०१७ च्या आरंभीं झिको यांनीं गोवा सोडला. पुढें २०१८ सालीं ते पुन्हां काशिमाला तांत्रिक संचालक म्हणून रुजू झाले.

केवळ चषकांची मोजदाद केली तर गोव्यांतील तीन वर्षांचा हिशेब शून्य आहे. परंतु शिक्षकाच्या कामाचा हिशेब तो गेल्यानंतर कांहीं वर्षांनींच करतां येतो. मंदार राव देसाई झिको यांच्या वेळीं डाव्या बाजूनें चढाई करीत असे. नंतर तो डाव्या बाजूचा बचाव करूं लागला, २०१९ सालीं भारताच्या संघांत आला, आणि २०२०-२१ च्या हंगामांत मुंबईच्या संघाबरोबर त्यानें त्याच स्पर्धेचें विजेतेपद मिळविलें. स्वतःच्या गोलांत चेंडू घालण्याचें दुर्दैव ज्याच्या वांट्याला आलें तो कट्टीमणी खेळ सोडून घरीं बसला नाहीं. २०२१-२२ सालीं हैदराबादच्या संघातर्फें तो पुन्हां त्याच फातोर्डा मैदानावर अंतिम सामन्याला उभा राहिला. तो सामनाहि पेनल्टीच्या फेरीवर गेला. तींत कट्टीमणीनें तीन फटके अडविले आणि हैदराबादला विजेतेपद मिळवून दिलें. ग्वादालाहाराला ज्यांनीं चुकलेल्या पेनल्टीनंतर पुन्हां चेंडूपाशीं पाऊल टाकलें, त्यांच्या हाताखालून हा गोलरक्षक गेला होता.

शेवटीं गडी वांटतांना मागें उरलेल्या त्या मुलाकडे वळलें पाहिजे. झिको यांच्या चरित्रावरून, किरकोळ अंगाचा प्रत्येक मुलगा मोठा खेळाडु होईल असें अनुमान काढणें भाबडेपणाचें ठरेल. त्यांच्या मागें खेळाडु भावांचें घर होतें, त्यांना पाहणारा एक जाणता डोळा होता, आणि दुर्बळ म्हणून घालवून न देतां वर्षानुवर्षें त्यांच्यावर खर्च करणारी एक संस्था होती. ह्या तीन गोष्टींपैकीं एक जरी नसती तरी झिको हें नांव किंतिनोच्या गल्लीबाहेर गेलें नसतें. यवतमाळ, पुसद, वणी वा पांढरकवडा येथील मैदानांवर पायांत कसब असलेलीं मुलें जन्मास येत नाहींत असें नाहीं. अडतें तें पुढच्या गोष्टींवर. खेळाच्या शिक्षकानें दंड पाहण्यापूर्वीं पाय पाहावे, पाय चांगले दिसले तर दंड भरण्याची व्यवस्था करावी, आणि मुलानेंहि सोबती घरीं गेल्यावर आणखी अर्धा तास मैदानावर थांबावें. चषक मिळेल कीं नाहीं हें शेवटच्या तीन मिनिटांवर अवलंबून असतें आणि तीं कोणाच्याहि हातीं नसतात. हा अर्धा तास मात्र ज्याच्या त्याच्या हातीं असतो.